तुरटीची बरणी

पुनावळ्याच्या किराणा दुकानातल्या मावशींचं नाव मला आजही माहीत नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी जाऊबाईंनी मला तुरटी आणायला पाठवलं. माझा हिरवा चुडा पाहून मावशींनी बरणीवर पंजा ठेवला.

"दाढीला, का आतून धुवायला?"

"आतून. जाऊबाईंनी सांगितलंय," मी पुटपुटले.

"नवऱ्याला घट्ट लागावं म्हनून, व्हय ना? शिकलेली दिसतीस की! मीबी केलं. आत जखमा झाल्या, पू झाला. नवरा दवाखान्यात फिरकला न्हाई. तुला तुरटी मिळायची न्हाई."

तुरटीनं आत जखमा होतात, हे पदवी घेऊनही मला ठाऊक नव्हतं. रिकाम्या हातानं परतले आणि जाऊबाईंना विचारलं, "तुम्हाला आग होते?"

"सहा वर्षं," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत मावशींनी दुकानातून "कुठं?" विचारलं; "दवाखान्यात," मी म्हणाले, आणि त्यांनी समाधानानं मान हलवली.