कपाटातले आठ पाय

आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. पाहुणे आले की तो त्यांना आवर्जून दाखवतात. त्यात विशीतला एक सैनिक कुबड्यांवर उभा आहे आणि कुणीतरी मोठा माणूस त्याच्या हातात नवाकोरा कृत्रिम पाय ठेवतो आहे. दोघंही हसतायत. खाली लिहिलंय, ‘कृतज्ञ समाजाची भेट’. तो पाय त्या सैनिकाला एकदाही बसला नाही, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. समारंभासाठी तो तीन महिने राखून ठेवला होता. तेवढ्यात सैनिकाचा कापून उरलेला पाय सुकून बारीक झाला. घरी गेला तो कुबड्यांवरच, आणि समाजाची भेट पाठीवरच्या पिशवीत.

तो सैनिक म्हणजे आमचे काका. नात्यानं कुणाचेच नाहीत, पण फरशी पुसणाऱ्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात. तोफखान्यात होते. डावा पाय गुडघ्याखाली गेला. तो न बसणारा पाय त्यांनी घरी ओट्यावर ठेवून सुटा केला, कसा बनवलाय ते पाहिलं, शिव्या घातल्या आणि पुढे हेच काम शिकून आमच्या दवाखान्याच्या कृत्रिम पायांच्या विभागात लागले. त्याला चौतीस वर्षं झाली. लढाईबद्दल कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, “लांबून गोळे टाकायचो. कुणाला लागतात ते दिसायचं नाही. आता दिसतं.” आणि पुन्हा कानस हातात घेतात.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर माप घेते. उरलेल्या पायावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, सुकल्या की तो साचा अलगद उतरवायचा आणि काकांकडे द्यायचा. त्यावरून ते खोबण बनवतात, म्हणजे पाय ज्यात रोवायचा तो पोकळ भाग. खोबण बसली तर सगळं बसलं. नाहीतर तो पाय म्हणजे दारामागचा खांब. आणि नव्या जखमेचं माप टिकत नाही. सूज उतरते, मांस झिजतं, न वापरलेला गुडघा आखडतो. म्हणून पाय तयार झाला की लगेच घालायचा, एवढा साधा आमचा नियम. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पण आमच्या कार्यक्रमसाहेबांना ते कळत नाही.

कार्यक्रमसाहेब हे आम्ही ठेवलेलं नाव. दवाखान्यातले सगळे समारंभ त्यांच्याकडे असतात आणि समारंभाशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नाही. यंदा सीमेवरून आलेल्या आठ जणांचे पाय आम्ही रात्रीचा दिवस करून पूर्ण केले, तर हे आले आणि आठही पाय उचलून कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद केले. सैनिक सन्मान दिनाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वाटप होणार होतं. त्या दिवसाला नऊ आठवडे होते.

त्या आठांत एक ड्रायव्हर होता. लष्करी ट्रक चालवायचा, सुरुंगावर गेला. उजवा पाय गेला, शेजारी बसलेला मित्र गेला. मित्राबद्दल तो बोलायचा नाही. बोलायचा ते मुलीबद्दल. ती दहा महिन्यांची होती, पलंगाला धरून उभी राहायला लागली होती. “घरात पैज लागलीय ताई,” तो मला म्हणाला. “आधी ती चालते की मी. बायको तिच्या बाजूनं आहे.” हसत होता, पण दर सोमवारी कुबड्या टेकत यायचा आणि त्या बंद कपाटाकडे बघून परत जायचा.

चौथ्या सोमवारी काका कार्यक्रमसाहेबांकडे गेले. मीही गेले, कारण मला राहवेना.

“माप ढिलं होतंय साहेब,” काका म्हणाले. “पाय देऊन टाका. समारंभाला दुसरं काहीतरी द्या.”

“अहो काका, देशासाठी यांनी एवढं सोसलं,” साहेब म्हणाले. “आणखी पाच आठवड्यांनी काय बिघडतंय?”

हे वाक्य ते त्याच फोटोखाली बसून बोलले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं सोसलं त्यानंच आणखी सोसायचं, आणि ते का, तर फोटो चांगला यावा म्हणून.  काका परत आले आणि मला म्हणाले, “ड्रायव्हरला बोलाव. नवीन माप घे.”

पाऊल एका टाकून दिलेल्या पायाचं मिळालं. खोबण आणि पाऊल जोडणारी नळी काकांनी घरून आणली, त्यांच्या स्वतःच्या जादा पायातली काढून. त्यांच्याकडे ती एकच होती, म्हणून एकच पाय झाला. बाकी सातांचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मलाही मोजता येतं, पोरी.” त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

ड्रायव्हर एका मंगळवारी दोन कठड्यांच्या मधून चालला, शुक्रवारी कठडे सोडून. पैज तो सहा दिवसांच्या फरकानं जिंकला. मुलीनं पहिलं पाऊल टाकलं ते त्याच्या नव्या पायाला धरून, असं त्याच्या बायकोनं मला सांगितलं आणि हरल्याबद्दल स्वतःच रडली.

सन्मान दिनाला सभागृहात फुलं, बँड आणि ‘आम्ही विसरणार नाही’ असा फलक. सैनिकांनी डावीकडून कुबड्यांवर यायचं, पाय स्वीकारायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, असं ठरलेलं. ड्रायव्हर पडद्यामागे दोन पायांवर उभा होता. त्याला बघून कार्यक्रमसाहेबांचा चेहरा उतरला.

“कुबड्या कुठायत?”

“लागत नाहीत साहेब.”

“मग तो पाय पाच मिनिटं काढून ठेवा. फोटो झाला की घाला.”

आणि ड्रायव्हरचा हात पायाच्या पट्ट्याकडे गेला. हे मी विसरणार नाही. हुकूम ऐकायची सवय हाडात भिनलेली असते, आणि ती सवय कुणी कशासाठी वापरावी याला काही धरबंध नाही.

“हात खाली,” काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण इथल्या माझ्या एकोणीस वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. ड्रायव्हरचा हात खाली आला. काकांनी त्याला पुढे घातलं आणि दोघं चालत मंचावर गेले.

पाहुणे पाय हातात धरून उभे होते. भले गृहस्थ होते, पण समोरचा माणूस दोन्ही पायांवर बघून गोंधळले. “मग हा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“त्याचाच होता,” काका म्हणाले. “नऊ आठवड्यांपूर्वी.”

माईक चालू होता. बँडवाल्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. मग टाळ्या कुणी वाजवायच्या हेच कुणाला कळेना. बाकी सातांना पाय मिळाले. त्यांतले तीन बसले, तीन ढिले झाले आणि एकाचा गुडघा इतका आखडला होता की त्याला पाय चढवताच आला नाही. त्या सातांचे फोटो छान आले.

दुसऱ्या दिवशी काकांना पत्र आलं. समारंभापूर्वी परस्पर पाय दिल्याबद्दल लेखी खुलासा करावा. काका सांगत गेले आणि मी लिहीत गेले, कारण माझं अक्षर बरं आहे. मला त्यात बरंच घालायचं होतं, फोटो, पिशवी, कपाट, सगळं. काकांनी घालू दिलं नाही, म्हणून ते मी इथे लिहिलं. खुलाशात एकच ओळ आहे, ‘पाय बसत होता तेव्हा दिला.’ खाली त्यांनी सही केली आणि ढिल्या झालेल्या तिघांना नव्या मापासाठी आत बोलावलं.