अण्णांचं मशीन बंद करताना

गेल्या मंगळवारी बेळ्ळंदूरच्या घरी बसून ऑफिसचं एक नकोसं काम हातात घेतलं होतं. आमच्या टीममधल्या अण्णांचं मशीन, म्हणजे ऑफिसातला कॉम्प्युटर, रिकामं करून बंद करायचं. अण्णा मागच्या महिन्यात गेले... रविवारी सकाळी हार्ट अटॅक आला आणि संपलंच सगळं.

ऑफिस व्हाइटफील्डला. तिथे रोज जायचं म्हणजे अर्धा जन्म आउटर रिंग रोडवर काढायचा, म्हणून आम्ही बरेच जण घरूनच काम करतो. ऑफिसातली लिनक्सची मशीन्स कायम चालू असतात आणि आम्ही रिमोट डेस्कटॉपने त्यांत शिरतो. ऑफिसने त्यासाठी विकत घेतलेल्या महागड्या सॉफ्टवेअरला लिनक्सचं वावडं होतं, म्हणून अण्णांनीच एक ओपन सोर्सवालं शोधून सगळ्यांना बसवून दिलं होतं.

याची एक गंमत आहे. आपण घरचा लॅपटॉप मिटला तरी तिकडचा स्क्रीन तसाच राहतो. उघडलेल्या विंडो, अर्धवट कामं, सगळं जागच्या जागी. अण्णा तर कधी लॉगआउट करायचेच नाहीत. मी आत शिरले तेव्हा त्यांचा शेवटचा शनिवार जसाच्या तसा समोर उघडा होता.

एका विंडोत त्यांचं सिम्युलेशन अजून चालू होतं. तापवलेला धातू थंड होताना आतून कसा आकसतो, त्याचं लांबलचक गणित. त्याची एक निळी रेघ असते. ती पुढे सरकता सरकता हळूहळू खाली येते, आणि तळाशी येऊन सपाट झाली की उत्तर सापडलं असं समजायचं.

ही रेघ एकाच उंचीच्या आसपास वरखाली नाचत होती. गणित केव्हाच फिसकटलं होतं. बघायला कुणी नव्हतं म्हणून ते बापडं चालूच राहिलं होतं.

फाइल्स कॉपीला लावल्या, चहा करून आणला, खुर्चीत टेकले... आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला.

माझे दोन्ही हात कपाला होते. बाण सावकाश त्या निळ्या रेघेपाशी गेला, तिच्यावरून डावीकडून उजवीकडे फिरला आणि टोकाशी थांबला. खोटं कशाला बोलू, माझी बोबडीच वळली. मग आतली इंजिनियर जागी झाली आणि वाटलं, मेले, कुणीतरी हॅक केलंय!

एकाच स्क्रीनवर दोघं जण शिरू शकतात, हे डोक्यात यायला जरा वेळ लागला. पण पासवर्ड फक्त माझ्याकडे आणि अण्णांच्या लॅपटॉपमध्ये होता... आणि तो लॅपटॉप होता यशवंतपूरला, त्यांच्या घरी. मी अण्णांच्या बायकोला, वहिनींना फोन लावला.

"वहिनी, अण्णांचा लॅपटॉप कुणी उघडलाय का?"

"मीच की गं. चालतंय न्हवं?" वहिनी निपाणीकडच्या. त्यांच्याकडे बायकाही 'करतो, बसतो' असंच म्हणतात. "मी काय बिघडवत नाही बघ. चहा घेऊन बसतो जरा."

मग हळूहळू कळलं. अण्णा रोज संध्याकाळी घरून एकदा गणिताचा रन बघायचे, तेव्हा वहिनी शेजारी बसून भाजी निवडायच्या. कुठल्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की ते उघडतं, एवढं त्यांनी बघून ठेवलं होतं. पासवर्ड सेव्ह केलेलाच होता. अण्णा गेल्यापासून रोज त्याच वेळेला त्या ते उघडून बसतात.

"ती निळी रेघ हलत्या अजून. रोज स्वल्प पुढं सरकत्या. त्यांचं काम चालू हाय म्हणायचं आणि बसायचं..."

पुढे सरकत होती हे खरंच होतं. खाली येत नव्हती, एवढंच.

आता यांना काय सांगायचं? नवी मुलगी जॉइन होणार होती आणि मशीन आजच फॉरमॅटला द्यायचं होतं. वहिनींना "थांबा हं" म्हणून मी आयटीवाल्याला मेसेज टाकला, एक आठवडा तरी दे. त्याचं लगेच उत्तर आलं, "मॅडम, एक्स्ट्रा मशीन कहाँ है?" त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

सांगितलं शेवटी. की वहिनी, हे तुमच्या लॅपटॉपमध्ये नाहीये. हे ऑफिसातलं मशीन आहे, तुम्हाला फक्त इथून दिसतं... आणि ते आज बंद करायला लागणार आहे.

"आजच?" एवढंच म्हणाल्या. स्क्रीनवरचा बाण पुन्हा एकदा त्या रेघेवरून फिरला.

"त्यांचं काम पुरं झालं काय गं?"

ती नाचणारी रेघ माझ्या समोरच होती. म्हटलं, "झालं, वहिनी. उत्तर आलं."

"सरी, बरं तर," वहिनी म्हणाल्या. "मग बंद कर बाई. काम पुरं झाल्याबिगर ते कधी खुर्चीवरनं उठत नव्हते."

कॉपी पूर्ण झाल्यावर मी शट डाउन केलं. बेळ्ळंदूरला आणि यशवंतपूरला स्क्रीन एकदमच गेला. "गेलं बघ," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. मीही रडले. अण्णा गेले त्या दिवशी सुद्धा मला इतकं रडू आलं नव्हतं.

आमच्या कामात फिसकटलेला रिझल्ट बरोबर म्हणून सांगणं म्हणजे शुद्ध पाप. सुरुवातीला मला ओरडून ओरडून हे शिकवलं ते अण्णांनीच. मंगळवारी ते पाप मी त्यांच्याच कामाबद्दल केलं, त्यांच्याच बायकोपाशी... आणि वहिनींनी उद्या पुन्हा विचारलं, तर पुन्हा करीन.