पायाचा गिअर हातात

दुसरी जागतिक लढाई संपल्यावर आमच्या जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकांनी लष्कराची एक जुनी फटफटी घेतली आणि ती माझ्याकडे दिली. गावोगाव जाऊन कापूस पाहणं हे माझं काम. आज एरंडोल, उद्या दोंडाईचा. घरी जेवायला मी क्वचितच असे. मग एकदा जिनच्या आवारात कापसाची गाठ घसरून माझ्या उजव्या पायावर पडली. हाड जुळलं, पण घोटा कायमचा आखडला.

किक टाचेने मारता येई. पण गिअरही उजव्या पायाशीच होता आणि त्याची दांडी पंजाने वरखाली करावी लागे. माझा पंजा हलतच नव्हता. मालकांनी मला वजनकाट्यावर कापूस मोजायला बसवलं. तिथे माझा जीव नुसता तडफडे. बैलगाडी आली की कापसाआधी मी विचारी, "रस्ता कसा आहे?" घरीही येरझाऱ्या चालत.

"अहो, घटकाभर बसा की!" बायको म्हणे.

शेवटी जिनच्या म्हाताऱ्या मिस्तरींना गाठलं. "नाना, पायाचं काम हाताला देता येईल का?"

त्यांनी फटफटीभोवती फेरी मारली. "करी देस, भाऊ. पन पडना तं मन्हं नाव लेऊ नको."

गिअरच्या दांडीला त्यांनी सळई जोडली, ती टाकीच्या कडेने वर आणली आणि तिला लाकडी मूठ बसवली. मूठ ढकलली की दांडी खाली, ओढली की वर. पहिली सळई वाकली. दुसरी जाड घेतली.

मी लगेच एरंडोलला निघालो. बायको पदर खोचून मागे बसली. "बंद पडली तर ढकलणार कोण?"

पाळधीच्या पुढे मूठ एकदम सैल पडली. सळईची खीळ गळाली होती. लंगडत रस्ता धुंडाळला, मिस्तरींना नको ते बोललो. तेवढ्यात बायकोने अंबाड्यातला आकडा काढला. "हा चालतो का बघा."

तो भोकात घालून टोकं वाकवली. गिअर पडला.

एरंडोलहून परतायचं ठरलं होतं. मी वळलोच नाही.

"अहो, गाव मागे गेलं!"

ऐकलं न ऐकलंसं केलं. पारोळ्याला थांबलो तेव्हा ती रागाने दूर जाऊन उभी राहिली. जराशाने म्हणाली, "धुळं किती राहिलं इथून?"

आम्ही धुळ्याला गेलो. दुसऱ्या दिवशी मालकांनी काट्यावर दुसरा माणूस बसवला आणि मला पुन्हा गावोगाव धाडलं.