केक्को म्हणजे नको

दुकानातली माणसं इतकी खाली वाकली होती की शिगेनोला त्यांची तोंडंच दिसेनात, नुसते तीन भांग दिसत होते. एक काउंटरवरची बाई, एक दुरुस्तीवाला आणि मधे मॅनेजर उशिकुबो.

"क्षमा असावी, नेगिशी-सान. फार फार क्षमा असावी."

"अहो, उठा आधी," शिगेनो म्हणाली. "तुमच्या वाकण्यानं माझ्या घरातला एसी चालू होणार आहे का?"

कुमागाया गावातला ऑगस्ट. सकाळी दहालाच पारा छत्तीसवर. घरातला एसी बंद पडून आज चौथा दिवस, आणि त्या खोलीत तिचा नवरा एइसाकु. डिसेंबरात त्याला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उकडतंय एवढंसुद्धा त्या बिचाऱ्याला सांगता येत नव्हतं. काल अंग कढत लागलं म्हणून तिनं थर्मामीटर लावला, तर साडेअडतीस. डॉक्टर म्हणाले, हा ताप नाही, ही खोलीची धग आहे. असे आणखी दोन दिवस गेले तर माणूस हाती लागायचा नाही. आज तो वृद्धांच्या सेवाकेंद्रात होता. चार वाजता केंद्राची गाडी त्याला घरी आणून सोडणार होती. चारच्या आत ती खोली गार व्हायला हवी होती. बाकी तिला या जगाकडून काही नको होतं.

शिगेनोनं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. सहाशे पोरांचं जेवण, सव्वाबाराच्या ठोक्याला. तिथे एकदा एका नव्या बाईनं भाताचं भांडं चालूच केलं नव्हतं. अकरा वाजता लक्षात आलं तशी ती बाई रडत रडत क्षमा मागायला लागली. शिगेनोनं तिला खांद्याला धरून उभी केली आणि विचारलं, "क्षमा वाढायची का पोरांच्या ताटात? चल, शेवया उकळायला टाक!" त्या दिवशी पोरांनी शेवया खाल्ल्या, सव्वाबारालाच. तेव्हापासून नुसत्या शब्दांवर तिचा विश्वास म्हणून नाही. माणूस रडतो, वाकतो की लोळतो याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ताट भरलं का, एवढंच ती बघायची.

हा एसी सहा वर्षांपूर्वी इथूनच घेतलेला. मारुकिया हे तेव्हा तीन मजली दुकान होतं. कंपनीची वॉरंटी पाच वर्षांची. त्यावर दुकानानं जास्तीचे पैसे घेऊन स्वतःची वॉरंटी दिली, एकूण दहा वर्षांची. कागदावर स्वच्छ छापलेलं होतं: दहा वर्षांत बिघडला तर फुकट दुरुस्ती, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्याच तोलाचं दुसरं यंत्र. एइसाकुनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता.

पण मारुकियाचं चाक रुतलं. लोक मोबाइलवर घरबसल्या माल मागवायला लागले. आधी तिसरा मजला बंद झाला, मग दुसरा. आता महिनाअखेर उरलेलं दुकानही बंद होणार, अशी लाल फडकी बाहेर लागली होती. दुकान बुडतं याचं शिगेनोला वाईटच वाटलं असतं. पण बुडणाऱ्यानं आपलं ओझं हलकं करायला गिऱ्हाइकालाच पाण्यात ढकलायचं, हा कुठला न्याय?

पहिल्या दिवशी तिनं फोन केला तर चाळीस मिनिटं नुसती गाणी ऐकवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "विचार करून कळवतो." आणि इथे "विचार करू" म्हणजे काय, ते शेंबडं पोरही जाणतं. तिसऱ्या दिवशी एक गोड आवाज म्हणाला, "नेगिशी-सान, तुमची वॉरंटी गेल्या ऑक्टोबरातच रद्द झाली आहे. तुमच्याच संमतीनं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या? मी कधी दिली संमती?"

"आम्ही फोन केला होता. वॉरंटीच्या बदल्यात खरेदीचे पॉइंट देऊ का, असं विचारलं होतं. तुम्ही केक्को म्हणालात."

केक्को! या दीड दमडीच्या शब्दानं या देशात किती म्हाताऱ्यांचे गळे कापले असतील, देव जाणे. केक्को म्हणजे "छान, चालेल". आणि केक्को म्हणजेच "नको, राहू द्या". आपल्याकडे नाही का माणूस "येतो" म्हणतो आणि जातो, तसलंच हे. आणखी भात वाढू का विचारलं आणि पाहुणा केक्को म्हणाला, की घरची बाई मुकाट्यानं भांडं झाकते. कुणाला तोडून नको म्हणायचं नाही, या वळणात वाढलेली ही माणसं. शिगेनोही त्यातलीच. एरवी फटकळ, पण फोनवर परक्या पोरीला "नाही" म्हणून कसं तोडायचं? म्हणाली केक्को. दारावरच्या विक्रेत्यांना आणि फोनवरच्या भामट्यांना हे बरोबर ठाऊक असतं. पण ज्या दुकानाला तिनं तीस वर्षं पैसे मोजले, त्यानंही तेच करावं?

तिनं सरकारी ग्राहक केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांनी तो फोन टेप केला होता का?"

"मला काय माहीत बाई?"

"असणारच. तुमचा स्वतःचा आवाज आहे, तो ऐकायला मागायचा तुम्हाला हक्क आहे. फोनवर मागू नका, समोर जाऊन मागा. आणि लवकर जा हो. दुकानाचं दिवाळं निघालं की वॉरंटीचा कागद लोणच्याच्या बरणीवर झाकायच्या लायकीचा राहतो."

म्हणून आज ती इथे होती. काउंटरवरच्या बाईनं तिच्यापुढे जवाचा गार चहा ठेवला. शिगेनोनं पेला बाजूला सारला.

"हे बघा आजी," उशिकुबो म्हणाला.

"मी तुमची आजी नाही. मला नेगिशी म्हणा."

"क्षमा असावी. नेगिशी-सान, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण नोंद झालेली आहे. माझे हात बांधलेले आहेत."

"जुना दुरुस्त होण्यासारखा राहिलेला नाही, आणि नवा घ्यावा तर या गावात बसवायलाच तीन आठवडे थांबायला सांगतात. तो काय तिथे टांगलाय?" तिनं बोट दाखवलं. भिंतीवर त्याच कंपनीचा एसी होता, त्याच मापाचा. खाली पाटी, 'बंद होण्यापूर्वीचा सेल'. "आणि बाहेर तुमची बसवणाऱ्यांची गाडी नुसती ऊन खात उभी आहे. हात कसले बांधलेत?"

"तो विकायचा आहे."

"म्हणजे विकत घेणाऱ्याला आजच्या आज, आणि आधीच पैसे दिलेल्याला क्षमा! वा रे वा! मला ती टेप ऐकवा."

उशिकुबोचा चेहरा उलट खुलला. त्याला वाटलं, सुटलो. "अवश्य. तुम्ही स्वतःच ऐका म्हणजे तुमची खात्री पटेल." त्यानं ग्राहक क्रमांक घातला आणि संगणक तिच्याकडे वळवला. सेलला आलेली चार माणसंही माना वळवून उभी राहिली.

"...तर वॉरंटीच्या बदल्यात तीन हजार पॉइंट. तसं करून देऊ का?" फोनवरची पोर विचारत होती.

मग शिगेनोचाच आवाज, थोडा अवघडलेला. "अं... नाही म्हणजे... केक्को."

"समजलं. फार आभारी आहोत."

"ऐकलंत?" उशिकुबोनं हात पुढे केला, बंद करायला.

"थांबा. पडद्यावरची ती रेघ अजून पुढे सरकतेय."

"पुढे काही नाही, नेगिशी-सान. बोलणं संपलं."

"हात काढा तिथून!"

शाळेच्या स्वयंपाकघरातला आवाज होता तो, सहाशे पोरांच्या कलकलाटावरून जाणारा. उशिकुबोनं हात काढला.

इथल्या दुकानदारांचा एक नेम आहे. गिऱ्हाइकानं फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. आधी ठेवला तर तो उद्धटपणा. तेव्हा ती फोनवरची पोर नेमाप्रमाणे गप्प, फोन धरून बसली होती. आणि शिगेनोला फोन जागेवर ठेवायची कधीच घाई नसते. टेप चालूच होती. आधी पावलांचा आवाज, मग खाकरणं, मग एका पुरुषाचा जाडाभरडा आवाज.

"कोण होतं गं?"

"मारुकियावाले. वॉरंटी परत मागतायत, बदल्यात म्हणे पॉइंट देतो. मी नको म्हटलं."

"बरं केलंस. दुकान बुडायला आलंय, पॉइंट काय चाटायचेत? कागद मी नीट ठेवलाय. चहा टाकतेस का?"

खट्ट. टेप संपली.

चार गिऱ्हाइकांतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "नको म्हटलं म्हणतेय की ती! सरळ नको म्हणतेय!" काउंटरवरची बाई खाली मान घालून उभी होती.  शिगेनोनं मात्र टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. टेपमध्ये आपल्याखेरीज दुसरं कुणी असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"हे... हे आम्ही शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं," उशिकुबो चाचरत म्हणाला.

"ऐकलं नव्हतं," शिगेनो सावकाश म्हणाली. "दहा महिने हे तुमच्याजवळ होतं. त्यातला एक शब्द कापून घेतलात, तुमच्या सोयीचा, आणि उरलेला माणूस टाकून दिलात. तो माणूस चार दिवस भट्टीत पडलाय, कळतंय का तुम्हाला? असे किती जणांना फोन केलेत? किती म्हाताऱ्यांचं केक्को लिहून घेतलंत?"

 उशिकुबो पुन्हा वाकायला लागला.

"खबरदार! तो एसी उतरवा."

म्हातारा गिऱ्हाईक पुढे सरसावला. "उतरवा की! नाहीतर मी लावतो फोन ग्राहक केंद्राला. मलाही तुमचा असलाच फोन आला होता, मीही काय म्हणालो होतो देव जाणे."

दुरुस्तीवाल्यानं मॅनेजरकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ शिडी आणली. पावणेअकराला एसी खोक्यात गेला, अकराला गाडीत. उशिकुबोनं वॉरंटी पुन्हा चालू केल्याचा कागद लिहिला, त्यावर शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिनं तो अक्षर न् अक्षर वाचून पिशवीत टाकला.

"दोन वाजेपर्यंत चालू होईल, नेगिशी-सान. तुम्हीही गाडीतच बसा, घरी सोडतील."

शिगेनो खुर्चीवरून उठली नाही.

"त्या टेपची मला नक्कल हवी."

"ती... त्यासाठी अर्ज करावा लागतो. मुख्य कार्यालयातून येते. दोनेक आठवडे लागतील."

"दोन आठवड्यांनी तुम्ही असाल का इथे? मुख्य कार्यालय तरी असेल का?"

 उशिकुबोलाही ते ठाऊक नव्हतं.

"डिसेंबरपासून या माणसानं मला एकदा अगं म्हणून हाक मारलेली नाही," शिगेनो म्हणाली. तिचा आवाज आता फाटत होता, पण राग तसूभर उतरला नव्हता. "माझ्या घरात त्याचा आवाज कुठे म्हणून नाही. आणि तुम्ही तो माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून कुलपात ठेवलात. दुकानाबरोबर बुडवणार होतात तुम्ही तो, न ऐकता!"

तिनं पर्समधून आपला मोबाइल काढला. बटणं तिला समजत नव्हती. काउंटरवरची बाई पुढे आली, तिनं लाल ठिपका दाबून दिला, आणि शिगेनोनं मोबाइल संगणकाच्या स्पीकरला टेकवून धरला.

"लावा," ती उशिकुबोला म्हणाली. "आणि मधे कुणी बोलू नका."