बयाक्काची तार

बयाक्का आमच्या फौंड्रीत बावीस वर्षं कोअर करत होती. कोअर म्हणजे वाळूचा ठोकळा. लोखंडाचा नग आतून पोकळ हवा असेल तर साच्यात हा ठोकळा ठेवतात आणि वरून वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात. रस ओतला की वाळूत वायू होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो लोखंडातच अडकतो आणि नगाच्या पोटात फोड राहतो. वरून काही दिसत नाही.

ती वाट बयाक्का कोअरला भोकं पाडून करून द्यायची. सायकलच्या चाकाची एक तार, टोकाला लाल दोरा गुंडाळलेला. तार तिच्या मयत नवऱ्याच्या सायकलची. किती भोकं, किती खोल, असं विचारलं की म्हणायची, "भाकरी फुगली का न्हाय हे काय पट्टीनं मोजतीस व्हय?"

मी त्याच फौंड्रीत ऑफिसात कागद टाईप करते.

दोन वर्षांपूर्वी मोठं काम आलं. समुद्रकाठी एका खासगी कंपनीचा रॉकेट सोडायचा तळ होत होता. उडेपर्यंत रॉकेटला धरून ठेवणाऱ्या पकडीचे नग आमच्याकडं आले. तळ खासगी, पण निम्मा पैसा सरकारचा, म्हणून देखरेखही सरकारची. नगाला ज्याचे हात लागतील त्याचं नाव यादीत पाहिजे, आणि यादीतल्या माणसाला पाच वर्षं कामावरून काढायचं नाही, अशी अट होती.

बयाक्का एवढी वर्षं रोजंदारीवरच होती. अट कळल्यावर ती जोतिबाला जाऊन आली. माझ्या टेबलावर खोबरं-गुलाल ठेवला नि म्हणाली, "माझं नाव आदी घाल. बयाबाई आकाराम चौगले. पुरं लिव बग."

मी पुरं लिहिलं.

मग कळलं, नावापुढं सर्टिफिकेट लागतं. बयाक्का चौथी शिकलेली. आमचे मॅनेजर अतुल सर म्हणाले, "आक्का, तुझी सून श्रुती आयटीआय झालीया न्हवं? तिचं नाव घालू. घर एकच की! काम तू कर, सही ती करंल."

"आनि माझं?"

"फुडच्या यादीत."

श्रुतीला आयटीआयला बयाक्कानंच घातलं होतं. यादीतलं बयाक्काचं नाव मी खोडलं.

वर्षभर तसंच चाललं. सरकारी साहेब तपासायला आले की बयाक्काला भंगाराच्या शेडमध्ये बसवायचे. एकवीस नग पास झाले. बाविसाव्याच्या वेळी साहेबांना श्रुतीच्या टेबलावर तार दिसली.

"हे काय?"

"भोकं पाडायला, सर."

साहेबांनी कामाची पद्धत लिहिलेला कागद काढला. त्यात तार नव्हती. माणूस सभ्य होता, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "जे कागदात नाही ते हातात नको." तार प्लास्टिकच्या पिशवीत घातली, सील केली आणि माझ्या कपाटात ठेवायला सांगितली.

बयाक्का अतुल सरांपुढं उभी राहिली. "तार न्हाय तर फोड येनार."

"कागदात न्हाय, आक्का."

"मग कागदात घाला की!"

"सा म्हैने लागत्यात त्याला. नग पंधरा दिवसांत जायचं हाईत."

तिनं घरून दुसरी तार आणली. ती श्रुतीनंच काढून घेतली. "आत्ती, खाली सही माझी असती."

तारेविना चार नग झाले. एक्स-रेत दोन फोडाचे निघाले. सरकारचं पत्र आलं: हात कोणाचे होते, चूक कोणाची? श्रुतीनं जबाब दिला, मी तो इंग्रजीत केला. मग खाली कबुलीची सही करायला बयाक्काला बोलावलं.

"काय लिवलंय?" तिनं मला विचारलं.

मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. सासूनं परवानगी नसताना कोअरला हात लावला, त्यामुळं नग बिघडले.

तिनं सुनेकडं पाहिलं. श्रुती म्हणाली, "आत्ती, दोघींतल्या एकीचं काम जानार हाय. तुमचं नाव तर यादीत न्हवतंच की."

मग बयाक्कानं मला विचारलं, "माझं नाव पुरं हाय न्हवं? आकाराम घातलंयस?"

"व्हय."

तिनं एकेक अक्षर काढत सही केली. दुसऱ्या दिवसापासून वॉचमननं तिला आत सोडलं नाही.

नग तर द्यायचेच होते. आता तार कागदात घालायचं ठरलं, म्हणून ती किती खोल घालायची हे विचारायला अतुल सरांनी श्रुतीला सासूकडं धाडलं. बयाक्का चुलीपुढनं उठलीही नाही. "मला हात लावायची परवानगी न्हाय, बाई. सांगायची कुठनं आसंल? सही तुझी हाय. तूच बग."

मला वाटलं, आता अडलं यांचं. पण रॅकवर तिनं केलेला एक जुना कोअर उरला होता. अतुल सरांनी तो मधोमध फोडला आणि मोजला. भोकं नऊ, खोली चाळीस मिलिमीटर. अर्धा तासही लागला नाही. नवीन कागद अकरा दिवसांत मंजूर होऊन आला. सुधारणा सुचवणारे: अतुल सर. कारागीर: श्रुती. पुढचे सगळे नग पास झाले.

महिन्याभरानं बयाक्का गेटवर आली. मला बाहेर बोलावलं. "ती तार दे माझी."

"सील हाय, आक्का."

"सायकलची तार हाय गं ती!"

मी साहेबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, जप्त वस्तू परत हवी असेल तर यादीतल्या माणसानं अर्ज करावा. मी श्रुतीला सांगितलं. ती डबा उघडत म्हणाली, "त्या तारंसंगं माझं नाव परत कशाला लावून घिऊ?"

बयाक्का अजून दोनदा येऊन गेली. मग यायची थांबली.

तार माझ्या कपाटात आहे. किल्ली माझ्याच कमरेला असते. दर रविवारी जोतिबाला जाते, त्याला सगळं सांगते. नाव मी खोडलं तेही सांगते. मग डोंगर उतरून खाली येते, आणि सोमवारी कपाट उघडून त्या पिशवीमागचे कागद काढते.