मास्टरांचं शेवटचं पिंप

गिऱ्हाइकाला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा जपानी माणूस मला इतक्या वर्षांत एकच भेटला. जपानात आम्ही राहतो त्या कोतो भागात, आमच्या स्टेशनामागच्या गल्लीत त्यांचा छोटासा पब होता. सगळे त्यांना मास्टर म्हणत, म्हणून मीही. पहिल्याच दिवशी मी एकदम चिल्ड बिअर मागितली. “थंडगार हवी असेल तर कोपऱ्यावर कोंबिनीचं दुकान आहे,” म्हणाले आणि ग्लास पुसत राहिले. खरं तर चिडून निघून जायला हवं होतं. पण ऑफिसातून इतकी दमून आले होते की उठायचाही कंटाळा आला.

तरुणपणी ते इंग्लंडात राहून आले होते आणि तिथली ती पिंपातली बिअर त्यांच्या डोक्यात बसली होती. तिच्यात वरून गॅस भरत नाहीत. पिंप आलं की मागच्या गार खोलीत आडवं ठेवायचं आणि गाळ तळाला बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग काउंटरवरचा लांब दांडा ओढून ग्लास भरायचा, अगदी माझ्या आजोळच्या हापशासारखा. गाळ बसलेला नसला तर सगळी मंडळी ताटकळत असली तरी मास्टर जवाचा चहा पुढे ठेवत. “अजून झोपलंय. उठवायचं नाही.” आम्ही निमूटपणे चहा पिऊन घरी जायचो.

ऑफिसात दिवसभर एकमेकांना ‘ओत्सुकारेसामा’ म्हणायचं, म्हणजे ‘दमलात हो’. म्हणणारा मान वर करून बघतही नाही. घरी नवऱ्याची मीटिंग चालू, मुलगी माझ्या मराठीला जपानीत उत्तर देणार, आणि पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. ऑफिस आणि घर या दोन्हींच्या मधला अर्धा ग्लास, तेवढाच वेळ माझा होता. नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना मात्र मी सांगून ठेवलं होतं की गाडी लेट होते. जपानात गाडी रोज लेट होते यावर त्यांनी कसा विश्वास ठेवला, देव जाणे.

मास्टरांनी मला कधी काही विचारलं नाही. एकदा काउंटरवर बसल्या बसल्या डोळे भरून आले, तर त्यांनी लोणच्याची वाटी पुढे सरकवली आणि पाठ फिरवून स्वच्छ ग्लासच पुन्हा धुवायला घेतले. त्या पाठीवर माझा फार जीव होता.

यंदा उन्हाळा संपता संपता त्यांचा खांदा गेला. भरलेलं पिंप त्यांना हलवेना. “गॅसवाली नळाची बिअर ठेवा ना, तिची पिंपं लहान असतात,” मी म्हटलं. “पण बंद करू नका.”

“नळाची तर सगळीकडे मिळते. तुम्ही इथे कशाला याल?”

“मी येईन.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. आणि नाही म्हणाले.

शेवटचं पिंप गुरुवारी संपत आलं. मंडळी वाकून वाकून निरोप घेऊन गेली. मग मास्टर काउंटरच्या बाहेर आले आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांना काउंटरच्या या बाजूला बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. इथे आपला ग्लास आपण भरायचा नसतो, दुसऱ्याने भरायचा असतो. इतकी वर्षं ते सगळ्यांचे भरत आले. मी उठले, पलीकडे गेले आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला. आचके देत जेमतेम अर्धा ग्लास आला, तोही गढूळ.

“मास्टर, गाळ आलाय. टाकून देऊ?”

“द्या इकडे.”

त्यांनी तो सगळा प्यायला.

“कशी आहे?”

“वाईट.”

“ओत्सुकारेसामा, मास्टर.”

या शब्दाला कोणी उत्तर देत नाही, उलट तोच परत म्हणतात. मास्टर खांदा चोळत म्हणाले, “हो. फार दमलो.”

घरी पोचले तेव्हा सासूबाई स्क्रीनवर होत्याच. “आजही गाडी लेट का गं?”

“हो,” मी म्हटलं. “आजच्या दिवस. उद्यापासून वेळेवर येईल.”