राजाच्या खुर्चीतली गोजाबाई

चऱ्होलीच्या अलीकडं आमच्या खेड्यात ख्रिस्ती देऊळ आहे. कौलारू छप्पर, एक घंटा आणि बसायला जाजम. चपला बाहेर काढायच्या, बाया डावीकडं, बाप्ये उजवीकडं. पुढं मात्र एक शिसवी खुर्ची. घाटापलीकडच्या संस्थानचे राजेसाहेब मिशनच्या दवाखान्यात तापातून उठले, तेव्हा त्यांनी देवळाला कौलं दिली आणि ही खुर्ची पाठवली. येईन तेव्हा बसेन म्हणाले, आणि आलेच नाहीत. पण राजाची खुर्ची ती! तिच्यात बसायची छाती कुणाची?

गोजाबाई ती दर शनिवारी पुसायची. झाडलोट तिची, घंटा तिची, गाण्यात पहिला आवाजही तिचाच. पट्टी इतकी उंच लावायची की उपासना चालवणारे पाळकसाहेब मेटाकुटीला यायचे. पण पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला त्या वर्षी तिचे गुडघे गेले. खाली बसलं की उठता येईना. मग ती बाहेर पायरीवर बसू लागली. तिथून तिचा आवाज आत पोचेना आणि आमचं गाणं पार अळणी झालं.

"नाताळापातुर बघते. मंग घरीच परार्थना करीन," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

नाताळला दारात मोटार थांबली. नवऱ्याचा शब्द पुरा करायला राणीसाहेब आल्या होत्या. पाळकसाहेबांनी लगबगीनं खुर्ची दाखवली.

"देवाच्या घरी कसली खुर्ची?" म्हणत त्या बायांमध्ये जाजमावर बसल्या. आम्ही धन्य झालो. उपासना संपली, सगळे उठले, राणीसाहेब काही उठेनात. आणि राणीला हात लावायचा कसा, म्हणून बाया नुसत्या बघत उभ्या!

पायरीवरच्या गोजाबाईनं दुखणं बरोबर ओळखलं. लंगडत आत आली आणि खुर्ची फरफटत त्यांच्यापुढं नेली.

"हिला धरा आन् उठा. माजंबी असंच हाय."

राणीसाहेब उठल्या, खुर्चीत टेकल्या आणि हसल्या. "एरवी कोण बसतं हिच्यात?"

"कुणी न्हाई. राजासायबांची हाय."

"ते तर गेले, बाई."

"मंग मी बसू?"

पाळकसाहेबांनी डोळेच मिटले. राणीसाहेब मात्र उठून बाजूला झाल्या. "बसा की!"

गोजाबाई पदर सावरून ऐसपैस बसली आणि तिनं गाणं उचललं, त्याच जीवघेण्या पट्टीत. उपासना संपलेली, घरी जेवणं निवत होती, पण एक माणूस हलला नाही. मीसुद्धा घसा बसेपर्यंत गायलो.